डिकीतला जॅक: वजन पेलतो, पण तोल सांभाळतो का?

सदोष भागांमुळे गाड्या परत बोलावल्याची बातमी येते, तेव्हा तीत बहुधा एअरबॅगचे, ब्रेकचे किंवा इंधनाच्या नळीचे नाव असते. पण अधूनमधून त्या यादीत गाडीबरोबर मिळालेला जॅकही असतो, आणि मग वाचणाऱ्याला आठवते की असा एक जॅक आपल्याही डिकीत, स्टेपनीशेजारच्या कोनाड्यात, गाडी घेतल्यापासून पडून आहे. दोन-तीन किलोचे ते काटकुळे अवजार हातात घेतले की मनात शंका येतेच. पत्र्याच्या चार पट्ट्या आणि मधोमध एक स्क्रू, एवढ्या सामानावर बाराशे-चौदाशे किलोची गाडी उचलली जाणार कशी, आणि उचललीच तर ती वर राहणार कशाच्या भरवशावर?

शंका रास्त आहे, फक्त ती चुकीच्या जागी रेंगाळते. जो तो विचारतो की हा जॅक किती वजन पेलेल. त्याचे उत्तर बहुतेक वेळा समाधानकारक असते, कारण सुस्थितीतला, त्या गाडीसाठीच बनवलेला जॅक भाराखाली चुरगळून गेला असे क्वचितच घडते. विचारायला हवे ते हे, की हा जॅक किती कलला तर गाडी सुटेल. त्याचे उत्तर मात्र अस्वस्थ करणारे आहे. ते समजून घेण्यासाठी आधी जॅक काम कसा करतो ते पाहू.

चौकटीचा आकार आणि आडवा स्क्रू

छोट्या-मध्यम गाड्यांबरोबर सहसा मिळतो तो सिझर जॅक. त्याच्या चार पट्ट्या मिळून पत्त्यातल्या चौकटच्या चिन्हासारखा आकार तयार होतो. खालच्या टोकाला बैठक असते, वरच्या टोकाला गाडीला टेकणारे डोके असते, आणि डाव्या-उजव्या टोकांना जोडणारा एक लांब स्क्रू आडवा गेलेला असतो. हँडल फिरवले की स्क्रू ही दोन टोके एकमेकांकडे ओढतो. चौकट अरुंद होते, म्हणून उंच होते. जॅक गाडीला खालून ढकलतो असे दिसत असले, तरी आतला स्क्रू ढकलत नसून ओढत असतो. सगळा भार त्याच्यावर ताण म्हणून येतो.

या रचनेची एक खोड आहे, जी वापरणाऱ्याच्या मनगटाला कळते पण डोक्याला क्वचित कळते. जॅक खाली बसलेला असतो तेव्हा पट्ट्या जवळजवळ आडव्या असतात, आणि अशा पट्ट्यांना वर उचलण्यासाठी स्क्रूला फार जोराने ओढावे लागते. हिशेब सोपा आहे. समजा जॅकवर ४०० किलोचा भार आहे. पट्ट्या जमिनीशी १५ अंशांचा कोन करत असताना स्क्रूवरचा ताण जवळजवळ १५०० किलोंइतका असतो. कोन ४५ अंशांचा झाला की तो ४०० किलोंवर येतो, आणि ६० अंशांना सुमारे २३० किलोंवर. भार बदललेला नसतो, बदललेला असतो तो फक्त कोन. पट्ट्या १६ सेंटिमीटरच्या आणि स्क्रूची चाल, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, ३ मिलिमीटर धरली, तर सुरुवातीचा एक फेरा गाडीला ११ मिलिमीटर उचलतो आणि शेवटचा जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. खालपासून वरपर्यंत जायला सुमारे पन्नास फेरे लागतात.

म्हणून हँडल पहिल्या काही फेऱ्यांना जड लागते, त्यात जॅक बिघडल्याचे लक्षण नाही. पण आटे झिजलेले असतील किंवा स्क्रू गंजलेला असेल, तर तो दगा देईल तोही याच टप्प्यात, कारण त्याच्यावर सर्वाधिक ताण तेव्हाच असतो. टायर पंक्चर झाल्यावर गाडी त्या बाजूला आणखी खाली बसलेली असते, जॅक अगदी दबलेल्या अवस्थेत आत सारावा लागतो, आणि भार नेमका त्या अवघड कोनातच येतो.

हात सोडला तरी गाडी खाली का येत नाही

हँडल सोडून दिले तर गाडीच्या वजनाने स्क्रू उलटा फिरून जॅक आपोआप मिटायला हवा, असे वाटू शकते. तसे होत नाही, कारण स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक चढ असतो, आणि तो फार मंद असतो. फळी किंचित तिरकी करून तिच्यावर खोके ठेवले तर ते जागचे हलत नाही. फळी बरीच उभी केली तरच घसरते. जॅकच्या आट्यांचा चढ साधारण चार-पाच अंशांचा ठेवतात, आणि ग्रीस लावलेले पोलादही पोलादावरून घसरायला त्याहून जास्त उतार मागते. भार असूनही स्क्रू उलटा न फिरण्याच्या या गुणाला स्वयंरोध म्हणतात.

याची किंमत मोजावी लागते. आपण हँडलला लावलेल्या कष्टांपैकी निम्म्याहून कमी कष्ट गाडी उचलण्यात खर्ची पडतात आणि उरलेले घर्षणात जातात. घाम काढणारे ते घर्षण आणि गाडीला वर धरून ठेवणारे घर्षण एकच आहे. हलका फिरणारा स्क्रू बनवणे अवघड नाही, पण तो गाडीला धरून ठेवणार नाही.

इथे एक आक्षेप येतो: मग ग्रीस लावणे धोक्याचे नाही का? नाही. ग्रीसने घर्षण कमी होते, तरी ते आट्यांच्या चढाला पुरून उरते, शिवाय हँडलच्या बाजूच्या वॉशरमधले घर्षणही मदतीला असते. कोरडा ठेवलेला स्क्रू अधिक धोक्याचा, कारण कोरडे आटे एकमेकांना खातात, आणि झिजलेला आटा ताणाखाली सोलून निघू शकतो.

जॅकवर एक टन लिहिले आहे, गाडी दीड टनाची आहे

ही शंका फार जणांना येते, आणि तिचे उत्तर गाडीच्या चार चाकांत आहे. जॅक संपूर्ण गाडी कधीच उचलत नाही. तो एक कोपरा उचलतो, बाकीचा भार जमिनीवर टेकलेल्या चाकांवर राहतो. १२०० किलोच्या, इंजिन पुढे असलेल्या गाडीत साठ टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर असेल, तर पुढच्या एका चाकाच्या वाट्याला ३६० किलो येतात आणि मागच्या एकाच्या वाट्याला २४०. उचलताना भाराची थोडी अदलाबदल होते, शेजारच्या दोन कोपऱ्यांतली चाके हलकी होतात, त्यामुळे जॅकवरचा आकडा यापेक्षा काहीसा वर जाऊ शकतो. तरी तो एक टनाच्या पुष्कळ आत राहतो. म्हणून जॅकवरचा आकडा गाडीच्या पूर्ण वजनाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. मात्र डिकी सामानाने गच्च भरलेली असेल आणि मागचे चाक उचलायचे असेल, तर सामान आणि माणसे आधी उतरवावीत. आत बसलेल्या माणसाच्या वजनापेक्षाही त्याचे हलणे अधिक त्रासदायक असते.

गाडीचा सांगाडा वर येऊ लागला तरी चाक लगेच सुटत नाही. स्प्रिंगवर दाबलेले चाक आधी खाली लोंबू लागते, आणि स्प्रिंग पूर्ण सैल झाल्यावरच जमीन सोडते. त्यात सपाट झालेला टायर निघायला जितकी जागा लागते, त्याहून हवा भरलेली स्टेपनी बसवायला अधिक लागते. म्हणजे जॅकला दिसते त्यापेक्षा बरेच उंच जावे लागते, आणि जॅकचा खरा धोका या उंचीतच आहे.

मग गाडी पडते कशी?

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक पुढचे चाक बदलत होतो. रस्ता दिसायला सपाट होता. नट काढून झाले होते, पण गंजामुळे चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसते त्या भागाला, चिकटून बसले होते, म्हणून मी ते दोन्ही हातांनी हिसकत होतो. कुठलाही आवाज झाला नाही. फक्त माझ्या लक्षात आले की जॅकचे डोके बैठकीच्या बरोबर वर राहिलेले नाही, दोन बोटे पुढे गेले आहे. मी हात मागे घेतला आणि उठून उभा राहतो न राहतो तोच गाडी खाली बसली. जॅक बाजूला फेकला गेला होता. तो उचलून पाहिला तर चारही पट्ट्या शाबूत, स्क्रू सरळ; वरच्या बाजूची एक पिन तेवढी वाकली होती. वजन त्याने शेवटपर्यंत पेलले होते, पण तोल गेला होता.

त्यामागचे गणित असे. सिझर जॅकची बैठक आठ-दहा सेंटिमीटर रुंद असते आणि वर उचलल्यावर त्याची उंची तीस सेंटिमीटरच्या आसपास जाते. वरून येणारा भार बैठकीच्या आत पडतो तोवर जॅक उभा राहतो. बैठक आठ सेंटिमीटरची असेल तर डोके मध्यापासून चार सेंटिमीटर सरकले की भाराची रेषा बैठकीबाहेर जाते, आणि त्यानंतर गाडीचे वजनच जॅकला आडवे करते. गाडी चार सेंटिमीटर सरकण्यासाठी साठ सेंटिमीटर व्यासाचे चाक सुमारे आठ अंश फिरावे लागते. घड्याळाचा मिनिटकाटा सव्वा मिनिटात जेवढा सरकतो, त्याहून थोडे जास्त, एवढेच ते फिरणे असते. आणि जॅक तिरका लावलेला असेल तर तेवढेही लागत नाही.

यात आणखी एक दुर्दैवी योग आहे. हँडल बाहेरून फिरवता यावे म्हणून जॅक असा लावतात की त्याचा स्क्रू गाडीला काटकोनात, बाहेरच्या बाजूला येतो. चार पट्ट्यांची चौकट त्यामुळे गाडीच्या रुंदीच्या दिशेने उभी राहते, आणि त्या दिशेने ती बऱ्यापैकी ताठ असते. पण गाडीला सरकायचे असते पुढे किंवा मागे, म्हणजे नेमके चौकटीच्या आडव्या दिशेला, जिकडे तिला आधार म्हणून फक्त पिनांची पकड आणि पट्ट्यांची थोडीशी रुंदी असते. उभे धरलेले पुस्तक पानांच्या दिशेने ढकलले तर ठाम राहते आणि मुखपृष्ठावर बोट टेकवले तर पडते. जॅकचेही तसेच आहे.

गिअरमध्ये टाकलेली गाडी सरकतेच कशी

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अनुभवी चालकही इथे फसतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवली की ती जखडली गेली, असा सर्वसाधारण समज आहे. चारही चाके जमिनीवर असेपर्यंत तो बरोबर आहे.

इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटून देणाऱ्या यंत्रणेला डिफरन्शिअल म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ती दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. तिचा हाच गुण जॅकवर चढवलेल्या गाडीला घातक ठरतो. इंजिनाने डिफरन्शिअल जखडून धरले असले, तरी एक चाक उलटे फिरायला मोकळे असेल तर दुसरे सुलटे फिरू शकते. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचे एक पुढचे चाक हवेत उचलले की ते मोकळे होते. मग जमिनीवरचे जोडीदार चाक निवांत गडगडू शकते आणि हवेतले चाक तेवढेच उलटे फिरते. गिअरचा उपयोग त्या क्षणी शून्य होतो. गाडी धरून ठेवायला उरतो तो फक्त मागच्या चाकांवरचा हँडब्रेक, आणि तो ढिला असेल तर काहीच उरत नाही. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत मागचे चाक उचलले तर स्थिती आणखी नाजूक असते: गिअरचा आधार गेलेला, आणि हँडब्रेकने धरलेल्या दोन चाकांपैकी एक हवेत, म्हणजे सगळी गाडी एका चाकाच्या ब्रेकवर उभी. काही जुन्या जीपवजा गाड्यांत तर हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावर असतो. तिथे मागचे चाक उचलताच हँडब्रेकही डिफरन्शिअलच्या त्याच सापळ्यात सापडतो.

चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावण्याची सूचना प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत असते ती यासाठी. जे चाक उचलायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. त्याला मिनिटभरही लागत नाही, आणि हँडब्रेक, गिअर व डिफरन्शिअल यांचा वर सांगितलेला सगळा गुंता निकाली निघतो. जॅकपेक्षा स्वस्त आणि जॅकइतकीच आवश्यक अशी ही वस्तू कंपन्या गाडीबरोबर सर्रास का देत नाहीत, याचे मला नवल वाटते.

नट आधी सैल करण्याचे कारणही हेच आहे. चाकाचे नट बरेच घट्ट आवळलेले असतात; पाव मीटर लांबीच्या पान्यावर चाळीस किलोंइतका जोर द्यावा लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो जोर गाडी जॅकवर असताना द्यायचा म्हणजे आपणच गाडीला आडवा धक्का द्यायचा. म्हणून चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सोडवावा, आणि शेवटचे आवळणेही चाक टेकल्यावर करावे. चाक गंजाने हबला चिकटले असेल तर हिसकण्याऐवजी नट हाताने परत लावून, किंचित सैल ठेवून, गाडी अलगद खाली टेकवावी. बहुतेक वेळा तिच्या वजनानेच ते सुटते.

टायर ज्या मातीवर उभा राहतो तिथे जॅक का रुततो

टायर जमिनीला साधारण आपल्या आतल्या हवेच्या दाबानेच दाबतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोंच्या आसपास. जॅकची बैठक मात्र ऐंशी चौरस सेंटिमीटरची आणि भार ४०० किलो असेल, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो येतात. टायरखाली टणक वाटणारी माती त्यामुळे जॅकखाली दबते, आणि दबते ती एकसारखी नाही, एका कडेने. मग वर सांगितलेले चार सेंटिमीटर गाठायला वेळ लागत नाही. उन्हाने मऊ पडलेले डांबरही असेच वागते.

तीस सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळी खाली ठेवली तर तोच भार दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आत येतो. फळी जाड हवी, पातळ प्लायवूड मधोमध वाकते आणि भार पसरवतच नाही. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे यासाठी कधीही वापरू नयेत, कारण ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. आणि उंची कमी पडते म्हणून एकावर एक फळ्या रचणे म्हणजे जॅकच्या उंचीचा दोष आपल्या हाताने वाढवणे.

डोके कुठे टेकवायचे

दाराखालच्या पट्टीला खालून हात लावला तर पत्र्याची एक उभी कडा लागते. तिथे दोन पत्रे जोडलेले असतात. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे या कडेला दोन खाचा असतात, आणि त्यांच्या मधली जागा आतून बळकट केलेली असते. सिझर जॅकच्या डोक्यातली खोबण या कडेवर बसण्यासाठीच असते. दुसऱ्या गाडीचा जॅक उसना घेतला आणि त्याची खोबण आपल्या गाडीच्या कडेशी जुळली नाही, तर ताकद भरपूर असूनही तो घसरू शकतो. या खाचा सोडून जॅक मधल्या पत्र्याला लावला तर पत्रा आत जातो, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीत तिथे बॅटरी असते, त्यामुळे जागेची चूक तिथे अधिकच महागात पडते. हवेच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या काही गाड्या उंची आपोआप राखत असतात. त्यांत जॅक लावण्याआधी ती यंत्रणा बंद करण्याची सोय दिलेली असते आणि ती वापरावीच लागते.

कंपनी याहून चांगला जॅक का देत नाही?

कंजूषपणा हे एक कारण आहेच, पण एकमेव नाही. हा जॅक सपाट टायरच्या गाडीखाली शिरण्याइतका बुटका हवा, चाक सोडवण्याइतका उंच जायला हवा, वजनाने हलका हवा, कारण तो गाडीच्या आयुष्यभर प्रत्येक किलोमीटर वाहून न्यायचा असतो, आणि दहा वर्षे न वापरता पडून राहिला तरी चालायला हवा. तेलाच्या दाबावर चालणारा, चाकांवर सरकणारा रुंद बैठकीचा ट्रॉली जॅक स्थिर असतो, पण तो डिकीत मावत नाही, आणि त्याचे तेल अडवणाऱ्या रबरी सिलांना दहा वर्षांची अडगळ मानवत नाही. थोडक्यात, डिकीतला जॅक बैठकीची रुंदी देऊन बाकी सगळे मिळवतो.

या जॅकवर कुणाची नजर नसते असेही नाही. युरोपात जॅकला स्वतंत्र यंत्र मानले जाते, म्हणून तिकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत यंत्रांविषयीच्या २००६ सालच्या युरोपीय निर्देशानुसार जॅकचे वेगळे प्रमाणपत्र छापलेले असते. पण चाचणी होते ती नव्या जॅकची, ठरवून दिलेल्या जागी, ठरवून दिलेल्या कामासाठी. आणि ते काम म्हणजे चाक बदलणे. गाडीखाली जाऊन दुरुस्ती करणे त्यात धरलेले नाही, म्हणूनच जॅकवरच्या चित्रात गाडीखालच्या माणसावर फुली मारलेली असते.

पूर्वीचे पर्याय अधिक चांगले होते असेही नाही. अमेरिकी गाड्यांबरोबर एकेकाळी बंपरला अडकवून उचलायचा उंच जॅक मिळत असे, आणि तो सिझर जॅकहून डळमळीत होता. धातूचे सरळ बंपर गेले तसा तोही गेला. १९५५ साली आलेल्या सित्रोएन डीएसने मात्र प्रश्नच उलटा केला: तेल आणि वायूवर चालणारी तिची चाकांची यंत्रणा गाडीला स्वतःहून उंच करी, मग चालक बाजूला एक साधा टेकू लावी, आणि यंत्रणा खाली सोडली की त्या बाजूची चाके आपसूक वर उचलली जात. इतकी सुरेख कल्पना सर्वांना परवडणारी नव्हती. आज कंपन्या निघाल्या आहेत त्या वेगळ्याच दिशेने: स्टेपनी आणि जॅक दोन्ही काढून टाकून त्या जागी हवेचा पंप आणि पंक्चर बुजवणारा द्राव देण्याच्या.

हायड्रॉलिक जॅक घेतला तर?

उचलायला तो निश्चितच सोपा आहे. लहान नळीतल्या तेलावर दिलेला दाब मोठ्या नळीत पोहोचून मोठे बळ होतो, आणि हातावर फारसा जोर येत नाही. पण धरून ठेवण्याच्या बाबतीत तो सिझर जॅकच्या एक पायरी खाली आहे. तिथे गाडी आट्यांच्या घर्षणावर नव्हे, तर रबराच्या सिलने अडवलेल्या तेलावर उभी असते. सिल झिजले की गाडी हळूहळू खाली बसते, आणि फाटले तर हळूहळू नाही. रुंद बैठकीचा ट्रॉली जॅक तोलाचा प्रश्न बराचसा सोडवतो, पण बाटलीच्या आकाराचा बॉटल जॅक तोही सोडवत नाही.

म्हणून गाडीखाली जायचे असेल तर जॅक कोणताही असो, उचलून झाल्यावर गाडी स्टँडवर, म्हणजे गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात त्यावर, टेकवायची असते. घोडीला हलणारे भाग जवळजवळ नसतात आणि पाय फाकलेले असतात. तिच्यावरही आंधळा विश्वास नको. अमेरिकेतील हार्बर फ्रेट या अवजारविक्रेत्या कंपनीला २०२० मध्ये लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण त्या बनवणारे साचे झिजल्याने उंची धरून ठेवणारे दाते नीट अडकत नव्हते. आणि बदली दिलेल्या घोड्यांतल्या काही त्याच वर्षी सदोष वेल्डिंगमुळे पुन्हा परत मागवल्या गेल्या. घोडीवर गाडी टेकवल्यावर, खाली जाण्याआधी, ती बाजूने जोराने हलवून पाहण्याची गॅरेजमधली सवय म्हणूनच चांगली आहे.

मी खाली जात नाही, फक्त हात घालतो

हातासाठीही हिशेब तोच. चाक काढलेले असताना पडलेले स्क्रू शोधायला, ब्रेकचे पॅड पाहायला किंवा मडगार्डमध्ये अडकलेला खडा काढायला हात सहज आत जातो. गाडी सुटली तर ती दोन दशांश सेकंदांत खाली असते; वीस सेंटिमीटर पडायला एवढाच वेळ लागतो आणि त्यात हात मागे घेता येत नाही. काढलेले चाक आडवे करून जॅकशेजारी, गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवण्याची जुनी पद्धत इथे उपयोगी आहे. ते चाक म्हणजे घोडी नव्हे, पण गाडी जमिनीपर्यंत येत नाही, आणि जॅक दुसऱ्यांदा खाली घालायला फट उरते. स्टेपनी बसवायच्या क्षणी ते बाहेर काढायचे.

उतारावर, चिखलात, किंवा वाहनांच्या बाजूचे चाक भरधाव रस्त्याच्या अगदी लगत असेल तेव्हा जॅक काढूच नये. हळूहळू पुढे जाऊन सपाट जागा गाठताना टायर आणि कदाचित रिमही खराब होईल, तो खर्च सोसावा.

वर्षातून एकदा

जॅकची परीक्षा पंक्चर झाल्यावर, अंधारात घेण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा, दिवसा, सपाट जागी तो बाहेर काढावा आणि रिकामाच पूर्ण वर-खाली फिरवून पाहावा. स्क्रू सर्वत्र सारख्याच जोराने फिरायला हवा. मध्येच अडत असेल तर आट्यांत माती किंवा गंज आहे, आणि मध्येच मोकळा घसरत असेल तर आटे गेलेले आहेत, असा जॅक टाकून द्यावा. पट्ट्यांच्या वरच्या आणि खालच्या टोकांना दाते असतात, जे दोन्ही बाजू सारख्याच उघडतील याची काळजी घेतात. त्यातला एक जरी वाकला असेल तर डोके तिरके राहते आणि ते पुढून पाहिले की लगेच दिसते. आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावावे, डोक्याला आणि बैठकीला मात्र ग्रीसचे बोटही लागू देऊ नये. जमल्यास एकदा चाक सुटेपर्यंत गाडी उचलून पाहावी, म्हणजे खाचा कुठे आहेत आणि हँडल कितपत जड लागते हे हाताला ठाऊक होते.

परत ठेवताना जॅक पूर्ण मिटवून कोनाड्यात बसवावा आणि हाताने एक-दोन फेरे उलगडावा, म्हणजे तो वर-खाली टेकून घट्ट बसतो. सैल राहिला तर प्रत्येक खड्ड्यात खडखडतो, पिना झिजवतो, आणि गाडी कुठे धडकलीच तर डिकीतून सुटून फेकला जातो.